विमान दोन तासांचं, पण घर किती तासांवर?

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत. तिथल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये 1967 पासून विमानसेवा आहे. अंतर जेमतेम 2.7 किलोमीटर आणि वेळापत्रकातली वेळ 2 मिनिटं! वारा साथीला असेल तर एक मिनिटही पुरतं. आपल्या दिल्ली विमानतळाची सर्वांत लांब धावपट्टीच 4.43 किलोमीटरची आहे, म्हणजे हा अख्खा प्रवास तिच्यावर मावेल.

गंमत वाटली ना? पण 2 मिनिटांच्या उड्डाणासाठीसुद्धा विमानतळावर जावं लागतं, थांबावं लागतं. उड्डाणाची वेळ वेगळी आणि घरी पोहोचायची वेळ वेगळी. हा फरक एरवी जाणवत नाही. 'आजीला दवाखान्यात ठेवलंय, ये' असा फोन आला की मात्र तो नेमका कळतो.

आमच्या मुनिरकाचंच उदाहरण घ्या. इथून मॅजेंटा लाइनच्या मेट्रोने टर्मिनल 1 तिसऱ्या स्टेशनवर येतं. दिल्ली ते पुणे हवाई अंतर साधारण 1,150 किलोमीटर, तिकिटावरची वेळ दोन तासांच्या थोडी वर. ही वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुण्यात उभं राहीपर्यंतची असते.

आता साताऱ्याला जायचंय असं समजा. विमानतळापर्यंत अर्धा तास, तिथे दोन तास आधी पोहोचायचं, प्रवास सव्वादोन तास, सामान आणि गाडी मिळेपर्यंत अर्धा तास, पुढे रस्त्याने तीन तास. बेरीज झाली सव्वाआठ तास! तेव्हा 'दोन तासांत येते' असं आईला सांगू नका. ती तिसऱ्या तासापासून दाराकडे बघत बसेल.

तिकीट काढण्याआधी एवढं नक्की बघा:

• टर्मिनल कोणतं? सगळी विमानं टर्मिनल 1 वरून सुटत नाहीत. शिवाय मेट्रो रात्रभर चालत नाही.

• जवळचा विमानतळ आपल्याच जिल्ह्यात असेल असं नाही. सावंतवाडी सिंधुदुर्गात आहे, पण तिला चिपीपेक्षा गोव्यातला मोपा जवळ पडतो. मालवणला जायचं असेल तर चिपी जवळ.

• गावाजवळच्या छोट्या विमानतळासाठी मध्ये विमान बदलावं लागत असेल, तर थांबण्याचे तासही मोजा. कधी कधी मोठ्या शहरात उतरून टॅक्सी केलेली लवकर पोहोचवते.

• छोट्या विमानतळांवर रोज विमान असेलच असं नाही. वार तपासा.

आज पाच मिनिटं काढा आणि तुमच्या दारापासून घरच्या दारापर्यंतची ही बेरीज मोबाइलमध्ये लिहून ठेवा. एक प्रत आई-बाबांनाही पाठवा. घाईच्या वेळी हिशोब सुचत नाही, तेव्हा ती तयार हवी.