इथं नापास कुणीच होत नाही!



‘प्लेसमेंट’ हा शब्द तुमच्या कानांवरून नक्की गेला असेल. शेजारचा इंजिनीअरिंगचा दादा सांगतो, ‘माझी प्लेसमेंट झाली’, आणि त्याची आई पेढे वाटते. म्हणजे कॉलेजातून बाहेर पडण्याआधीच दादाला नोकरी मिळाली. पण अमेरिकेत शिकायला निघालेल्या एखाद्या ताईला ‘प्लेसमेंट टेस्ट द्या’ असं पत्र आलं, तर ते नोकरीचं नसतं बरं का! तिला कॉलेजात प्रवेश केव्हाच मिळालेला असतो. प्रश्न एवढाच, की तिनं बसायचं कोणत्या वर्गात?

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? आपल्याकडे नववी संपली की दहावी. बारावी झाली की फर्स्ट इयर, आणि एका शाखेच्या फर्स्ट इयरला सगळ्यांना एकच गणित. अमेरिकेतल्या कॉलेजांत तसं नसतं. तिथं पहिल्याच वर्षी कुणी बीजगणिताच्या वर्गात बसतो, कुणी त्रिकोणमितीच्या, कुणी थेट कॅल्क्युलसच्या, तर कुणी त्याच्याही पुढच्या. त्यातून मुलं आलेली असतात पुण्याहून, नैरोबीहून, हनोईहून. प्रत्येक देशाचा अभ्यासक्रम वेगळा, गुण देण्याची रीत वेगळी. आपल्याकडचे ८५ टक्के आणि दुसऱ्या देशातले ८५ टक्के एकाच तराजूत तोलायचे कसे? म्हणून कॉलेज स्वतःच चाचणी घेतं. गणिताची, इंग्रजीची, कुठं रसायनशास्त्राची, कुठं एखाद्या परकीय भाषेची.

ही चाचणी फक्त परदेशी मुलांनाच असते असंही नाही. हार्वर्डसारख्या नामांकित विद्यापीठातही नव्या विद्यार्थ्यांसाठी गणिताची प्लेसमेंट टेस्ट असते. मग तो विद्यार्थी बोस्टनचा असो की बारामतीचा!

मनातला आकडा ओळखा

चला, एक खेळ खेळू या. मित्राला १ ते १०० मधला कुठलाही आकडा मनात धरायला सांगा. तुम्ही विचारा, ‘५० का?’ त्यानं फक्त ‘वर’ किंवा ‘खाली’ एवढंच सांगायचं. ‘वर’ म्हणाला, तर पुढचा प्रश्न ७५. त्यावर ‘खाली’ म्हणाला, तर ६२. असं दर वेळी उरलेल्या आकड्यांचे दोन भाग करत गेलात, तर जास्तीत जास्त सात प्रश्नांत आकडा सापडतो. करून बघा!

संगणकावरच्या बऱ्याच प्लेसमेंट टेस्ट साधारण याच युक्तीनं चालतात. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न थोडा अवघड. चुकलं की थोडा सोपा. ‘अ‍ॅलेक्स’ नावाची गणिताची एक चाचणी अमेरिकेतली अनेक विद्यापीठं वापरतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या शाखेत ती तयार झाली. ज्याँ-पॉल द्वान्यों आणि ज्याँ-क्लोद फाल्मान्य या दोघांनी १९८५ मध्ये मांडलेल्या एका गणिती कल्पनेवर ती उभी आहे. विद्यार्थ्याला एक गोष्ट येते यावरून त्याला आणखी काय काय येत असणार, याचा हिशेब ही चाचणी मांडत जाते. त्यामुळे जास्तीत जास्त ३० प्रश्नांत काम भागतं. शेवटी ० ते १०० मधला एक आकडा येतो. थेट कॅल्क्युलसच्या वर्गात बसायला किती हवेत, हे प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं.

आणि या चाचणीत एक गमतीदार बटण असतं. त्यावर लिहिलेलं असतं, ‘मला माहीत नाही’. आपल्या परीक्षेत असं लिहिलं तर शून्य! म्हणून आपण काही ना काही ठोकून देतो. इथं मात्र ते बटण दाबणं हेही एक खरं उत्तर आहे. तुमचा पाय नेमका कुठं अडतो, हे चाचणीला त्यावरून कळतं.

हुशारी करायला गेलं तर?

काही कॉलेजांत ही चाचणी घरी बसून देता येते. आता समजा, त्या ताईनं गणित पक्कं असलेल्या मामेभावाला शेजारी बसवलं. तो भराभर उत्तरं सांगतोय, ती भराभर टाइप करतेय. आकडा झकास आला! घरात सगळे खूश.

ऑगस्टच्या अखेरीस वर्ग सुरू झाले. ताई बसली कॅल्क्युलसच्या वर्गात. मामेभाऊ राहिला इचलकरंजीत. दुसऱ्याच आठवड्यात फळ्यावरचं काही कळेना. महिन्याभरात पहिली परीक्षा, आणि इथं मात्र नापास होता येतं! बरं, विषय सोडून द्यावा, तर तेही सोपं नाही. पदवीच्या परदेशी विद्यार्थ्यानं दर सत्रात साधारणपणे किमान १२ क्रेडिटचे विषय घेतलेच पाहिजेत, असा तिथल्या व्हिसाचा नियम आहे. त्याखाली आपल्या मनानं गेलं तर तिथं राहण्याचाच प्रश्न उभा राहतो.

या नियमाला मोजके अपवाद आहेत. सुरुवातीला इंग्रजीची अडचण येणं, तिथल्या शिकवण्याच्या पद्धतीची सवय नसणं, आणि चुकीच्या पातळीच्या वर्गात नेमणूक होणं! म्हणजे चुकीच्या वर्गात पडलेल्या मुलाचे हाल किती होतात, हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. पण विषय सोडण्याआधी कॉलेजातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. आधी सोडला आणि मग सांगितलं, असं चालत नाही.

उलट, मुद्दाम खालच्या वर्गात जाऊन आरामात गुण मिळवू, असं कुणी म्हणेल. तर ऐका. अगदी पायाभूत वर्गांची फी पूर्ण भरावी लागते, पण त्यांचे क्रेडिट बरेचदा पदवीत धरले जात नाहीत. बाबांचे पैसे गेले, वर्ष गेलं, आणि शिकलो काय? जे येत होतं तेच!

येतं, पण कळत नाही

कधी कधी गणित येत असतं, प्रश्नच कळत नाही. मराठी माध्यमातल्या मुलाला ‘कर्ण’ म्हटलं की काटकोन त्रिकोणाची सगळ्यांत लांब बाजू लगेच दिसते. तिलाच तिथं ‘हायपोटेन्यूज’ म्हणतात, हे ठाऊक नसेल तर पायथागोरसही मदतीला येत नाही. आपण लाख-कोटी म्हणतो, ते मिलियन-बिलियन म्हणतात. दहा लाख म्हणजे एक मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन. अंतर मैलात, उंची फुटांत, तापमान फॅरनहाइटमध्ये. तारखेत महिना आधी येतो, म्हणून ८/५ म्हणजे आठ मे नव्हे, पाच ऑगस्ट! यात अवघड काहीच नाही. फक्त आधी माहीत हवं.

इंग्रजीचंही तसंच. प्रवेशासाठी ‘टोफेल’सारखी परीक्षा दिलेली असली, तरी काही विद्यापीठं तिथं पोचल्यावर आपली वेगळी चाचणी घेतात. इलिनॉय विद्यापीठाची अशी चाचणी बरीच जुनी आहे. अशा चाचण्यांत बहुधा एखादा उतारा वाचून, स्वतःची बाजू मांडून निबंध लिहायचा असतो. आपण ‘पावसाळ्यातील एक दिवस’ पाठ करून जातो ना, ते तिथं चालायचं नाही. दुसऱ्याची वाक्यं त्याचं नाव न सांगता वापरणं तर तिथं गुन्हाच समजला जातो. निबंध जमला नाही, तर लेखनाचा एक जादा वर्ग मिळतो. त्यात लाज कसली? पुढं चार वर्षं तेच लेखन करायचं असतं.

चाचणीसुद्धा चुकते

आता एक गंमत. विद्यार्थ्यांना जोखणारी चाचणीच नापास झाली तर? तसं घडलंय! ‘कंपास’ नावाची एक चाचणी होती (तुमच्या दप्तरातली कंपासपेटी नव्हे!). अमेरिकेतली शेकडो कॉलेजं ती वापरत. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा चाचण्या तपासल्या. त्यांना आढळलं, की गणितात चारांतला सुमारे एक आणि इंग्रजीत तिघांतला सुमारे एक विद्यार्थी अगदी चुकीच्या वर्गात जातो. त्यातही, जमलं असतं अशांना विनाकारण खाली बसवलं जाण्याचं प्रमाण जास्त होतं. शाळेत वर्षानुवर्षं मिळवलेले गुण या तासाभराच्या चाचणीपेक्षा जास्त खरं सांगतात, असंही दिसलं. ‘कंपास’ २०१६ मध्ये बंद झाली. कॅलिफोर्नियानं २०१७ मध्ये कायदाच केला, की कम्युनिटी कॉलेजांनी वर्ग ठरवताना मुलांचे शाळेतले गुण विचारात घ्यावेत.

म्हणून चुकीच्या वर्गात नेमलं गेलंय असं मनापासून वाटलं, तर गप्प बसायचं नाही. पहिल्या आठवड्यातच सल्लागाराला भेटायचं, आपल्या गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाचं इंग्रजी भाषांतर दाखवायचं, पुन्हा चाचणी देता येईल का ते विचारायचं. ‘अ‍ॅलेक्स’ तर अनेक ठिकाणी मधे सराव करून पुन्हा देता येते.

आई-बाबा, दोन शब्द तुमच्यासाठी. मुलगा किंवा मुलगी फोनवर म्हणाली, ‘मला खालचा वर्ग मिळालाय’, तर ‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न गिळून टाका. ‘तिथलं नीट कळतंय ना?’ एवढंच विचारा. आपल्या भीतीपोटीच मुलं खोटी उत्तरं देतात.

आणि दोस्तांनो, तुम्ही अमेरिकेला जा नाही तर अमरावतीला, एक घरगुती प्लेसमेंट टेस्ट या रविवारी घेऊन बघा. तुम्ही आठवीत असाल, तर पाचवी, सहावी आणि सातवीच्या गणिताच्या पुस्तकांतली प्रत्येकी पाच उदाहरणं ताईला किंवा दादाला निवडायला सांगा. घड्याळ नको, गुण नकोत, गाइड तर मुळीच नको. जे येत नाही, तिथं सरळ लिहा, ‘माहीत नाही’. अपूर्णांकांपाशी अडलात? मग सोमवारपासून तिथूनच सुरुवात. कुठं अडलात, ते आम्हाला पत्रानं जरूर कळवा.