रायफलची पेटी शेवटी घ्यायची वस्तू नाही

नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या घरी खरेदीचा एक क्रम ठरून गेला आहे. आधी रायफल, मग जाडजूड जॅकेट आणि पँट, मग बूट, हातमोजा, पेलेटचे डबे. एवढे होईपर्यंत घरातली बचत संपलेली असते आणि उरल्यासुरल्या पैशांत बॅग येते. दोन-तीन लाखांची जर्मन एअर रायफल मग अशा कापडी पिशवीत जाते, जिला बोटभर जाडीचे अस्तरही नसते. यात पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. रायफल कोणती घ्यावी, जॅकेट कुठे शिवावे, हे सांगणारे पुष्कळ भेटतात; बॅगेविषयी सांगणारे फार थोडे. म्हणून या विषयाकडे जरा सविस्तर पाहायला हवे.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले आणि गावोगावच्या घरांत या खेळाची चर्चा सुरू झाली. महाराष्ट्राला हा खेळ नवा नव्हताच. अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे यांची एक पिढी होऊन गेली. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये तेजस्विनी सावंत विश्वविजेती झाली, २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलमध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील. या मार्गावर निघालेल्या प्रत्येक मुलाला वरळी, बालेवाडी, भोपाळ, दिल्लीची तुघलकाबाद रेंज अशा वाऱ्या कराव्याच लागतात. घरच्या रेंजवर बसवलेला नेम या प्रवासात टिकतो की नाही, हे बऱ्याच अंशी पेटी ठरवते.

नेम टिकणे म्हणजे काय, हे आकड्यांत पाहू. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा असतो. पुढचे प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटरने लांब, आणि गुण दशांशात मोजले जात असल्याने पाव मिलिमीटर म्हणजे एक दशांश गुण. आता रायफलवर मागची साइट, म्हणजे डायऑप्टर, आणि पुढची साइट यांत साधारण ७५ सेंटिमीटर अंतर धरा. प्रवासात कशाचा तरी दाब पडून मागची साइट ०.१ मिलिमीटरने, म्हणजे जेमतेम एका केसाच्या जाडीएवढी, सरकली तर १० मीटरवर पेलेट सुमारे १.३ मिलिमीटर बाजूला लागेल. अचूक मारलेल्या फटक्यातूनही निम्मा गुण गेला. ५० मीटरवर तेवढ्याच सरकण्याने गोळी सुमारे साडेसहा मिलिमीटर हटते, आणि तिथे दोन वर्तुळांमधले अंतर आठ मिलिमीटर आहे. पात्रता फेरीत असे ६० फटके मारायचे असतात.

अर्थात मॅचपूर्वी सायटर शॉट, म्हणजे सरावाचे फटके, मिळतात, त्यात साइट पुन्हा बसवता येते. अभिनव बिंद्राने आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की २००८ मध्ये बीजिंग ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीआधी सरावाचा फटका मारला, तर तो मध्यापासून भलताच दूर गेला. साइट बदललेली होती. कारण काहीही असो, हाताशी असलेल्या थोड्या मिनिटांत त्याने ती पुन्हा बसवली आणि शेवटचा फटका १०.८ मारून सुवर्णपदक जिंकले. पण तो बिंद्रा होता. पहिल्यांदाच राज्य स्पर्धेला आलेल्या चौदा वर्षांच्या मुलीचा पहिला सायटर सातवर गेला, तर तिला आधी शंका येते ती स्वतःच्या उभे राहण्याची, श्वासाची, ट्रिगरवरच्या बोटाची. साइट हलली असेल हे तिच्या मनात सर्वांत शेवटी येते. पेटीतल्या चुकीची किंमत ती मुलगी आत्मविश्वासाने चुकवते, आणि हे आम्हाला सर्वांत अन्यायाचे वाटते.

म्हणून पेटी पाहताना पहिला प्रश्न असा विचारावा, की झाकण लावल्यावर रायफलच्या कोणत्या भागावर दाब येतो? बाहेरचे प्लास्टिक किती जाड आहे, हे नंतर. बाजारातल्या बहुतेक स्वस्त हार्ड केसमध्ये खाली-वर अंड्यांच्या ट्रेसारखा उंचसखल फोम असतो. तो दिसायला मऊ, पण झाकण बंद केले की रायफलच्या प्रत्येक भागाला सारखाच दाबतो. त्यात नळी आणि स्टॉक येतात, तसेच डायऑप्टर, पुढच्या साइटचे नळकांडे, गालाखालचा चीकपीस आणि बटप्लेटचे नाजूक स्क्रूही येतात. रायफल धरायची ती तिच्या भक्कम भागांवर: ॲक्शनपाशी आणि स्टॉकच्या मागच्या-पुढच्या जाड अंगाला. साइटभोवती चारी बाजूंनी मोकळी जागा हवी, इतकी की पेटी हलवली तरी फोम तिला शिवू नये. त्यासाठी सलग, घट्ट, पाणी न शोषणारा पॉलिएथिलीन फोम घेऊन रायफलच्या आकारात कापून घेणे सर्वांत चांगले. बोटांनी चौकोन तोडून आकार करायचा फोमही मिळतो. तो सुरुवातीला सोयीचा वाटतो. पण वर्षा-दोन वर्षांत त्याच्या कडा झिजतात आणि रायफल आत डुलू लागते.

डायऑप्टर काढून वेगळ्या डबीत ठेवावा की रायफलवरच राहू द्यावा, यावर अनुभवी नेमबाजांतही दोन मते आहेत. आमचे मत असे, की रोज ये-जा करताना तो रायफलवर असू द्यावा. पण पेटी आपल्या नजरेआड जाणार असेल, विमानाच्या पोटात किंवा टेम्पोत, तर तो काढून जवळ ठेवावा. काढण्यापूर्वी रेलवर त्याची जागा बारीक रेघेने खुणावी, स्क्रूचे आकडे वहीत लिहावे आणि फोटो काढून ठेवावा. बटप्लेट आणि चीकपीसची मापेही तशीच नोंदवावी. पेटीत अॅलन कीचा संच असायलाच हवा, आणि त्याला स्वतःचा खाच कापलेला कप्पा हवा. सुटी किल्ली प्रवासभर रायफलवर आपटत राहते.

पेटी निवडायची ती प्रवास पाहून. आपला सर्वांत वाईट प्रवास कोणता, हे आधी ठरवावे. मुंबईत लोकलने रेंजवर जाणाऱ्या मुलाचा शत्रू गर्दी आहे. तिथे दोन्ही बाजूंनी दाब येतो, पेटी आपटत नाही. त्याला दहा किलोची हार्ड केस घेऊन डब्यात शिरताच येणार नाही; त्याला हवी ती पाठीवर घेता येणारी, आत ताठ पॅनेल असलेली, साइटच्या जागी जादा जाड अस्तर असलेली बॅग. दुचाकीवर मागे बसून जाणाऱ्याने नळीचे टोक डोक्याच्या वर किती येते ते पाहावे. एअर रायफल एक मीटरहून लांब असते, आणि झाडाच्या फांदीचा किंवा दाराच्या चौकटीचा पहिला फटका पुढच्या साइटलाच बसतो. एसटीत बॅग डिकीत देऊ नये, सीटला लागून उभी धरावी.

रेल्वेसाठी मात्र हार्ड केसच योग्य. खालच्या बर्थखाली ती आडवी जाते, साखळीने बांधता येते, वर कोणी ट्रंक ढकलली तरी आत काही होत नाही. डब्याच्या फरशीवर पाणी येते, म्हणून झाकणाच्या कडेला रबरी सील हवे. आणि खालची बर्थ आरक्षणातच मागावी. ही साधी गोष्ट संघ व्यवस्थापकांकडून वारंवार राहून जाते.

विमानप्रवासात प्रश्न बदलतात. एअर रायफल असली तरी ती हातातल्या सामानात चालत नाही. काउंटरवर जाहीर करून, रिकामी असल्याचे दाखवून, कुलूपबंद पेटीत द्यावी लागते. तिथे पेटी उघडली जाते, आणि परत भरणारा माणूस रायफल ओळखणारा असेलच असे नाही. आकारात कापलेल्या फोमचा इथे मोठा उपयोग होतो, कारण रायफल एकाच प्रकारे बसते. झाकणाच्या आत ‘साइटला हात लावू नये’ अशी इंग्रजी-हिंदी चिठ्ठी चिकटवावी. पाणी-हवा न शिरणारी पेटी असेल तर तिला दाब सारखा करणारी झडप आहे का, ते बघावे. नसल्यास विमानातून उतरल्यावर बाहेरच्या हवेच्या दाबाने झाकण इतके घट्ट बसते की उघडायला जोर लावावा लागतो. ५० मीटरच्या .२२ रायफलच्या गोळ्या वेगळ्या, नियमाप्रमाणे बांधलेल्या हव्यात. आंतरराष्ट्रीय नियमांत स्वतःच्या वापरासाठी प्रवाशामागे पाच किलोची मर्यादा आहे. तरी प्रत्येक कंपनीची पूर्वपरवानगी आधी लेखी घ्यावी.

वजनाचा हिशेब या टप्प्यावर करावा लागतो. एअर रायफल नियमाने साडेपाच किलोपर्यंत असते, ५० मीटरची त्याहून जड. चांगली हार्ड केस आठ-दहा किलो भरते. देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलो सामान मिळते, म्हणजे पेटी आणि रायफलनेच ते संपले. जॅकेट, पँट, बूट, मॅट, नीलिंग रोल यांची वेगळी किट बॅग असतेच, तिचे पैसे वरून. जाहिरातीत ट्रक अंगावरून गेला तरी न तुटणारी पेटी पाहून मन मोहते. पण आपल्याला ट्रक झेलायचा नाही. मध्यम वजनाची, भक्कम कड्यांची, चार कुलपांना जागा असलेली, चांगल्या चाकांची पेटी पुरते. चाके आधी तपासावी; बहुतेक पेट्या तिथेच पहिल्यांदा मोडतात.

एअर रायफलचा हवेचा सिलिंडर हा वेगळा विषय आहे आणि तिथे निष्काळजीपणा धोक्याचा आहे. यातली हवा साधारण २०० बार दाबाची असते. तीस अंशांना भरलेला सिलिंडर विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ७० अंशांपर्यंत तापला, तर आतला दाब सुमारे २२५ बारवर जातो. सिलिंडरवर कालमर्यादेची तारीख कोरलेली असते. ती उलटलेला सिलिंडर अशा उष्णतेत ठेवणे हा जिवाशी खेळ आहे. म्हणून पेटी गाडीत ठेवून जेवायला जाऊ नये. विमानात तर सिलिंडर सोडवून, हवा काढूनच न्यावा, आणि पेटीत त्याला स्वतंत्र खाच असावी.

कोकण, गोवा, मुंबईकडच्या वाचकांसाठी पावसाळ्याची गोष्ट. बाहेरून भिजलेली बॅग पुसली जाते. पण आतला स्पंजसारखा फोम एकदा ओला झाला की दिवसचे दिवस वाळत नाही आणि नळीला, स्क्रूंना गंज धरतो. हवाबंद पेटी तर ओलावा आतच कोंडून ठेवते. म्हणून घरी पोहोचताच रायफल बाहेर काढावी, पुसावी, पेटी उघडी ठेवावी. सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, पण त्या अधूनमधून वाळवल्या नाहीत तर उपयोग शून्य. पेटी ही प्रवासापुरती आहे. रायफल वर्षभर तिच्यात झोपवून ठेवणे चूक.

रंगाबद्दल एक आग्रहाची सूचना. परदेशी बनावटीच्या अनेक बॅगा लष्करी हिरव्या, चट्ट्यापट्ट्यांच्या, बाहेर बंदुकीचा आकार दिसेल अशा असतात. आपल्याकडे स्टेशनवर किंवा बस स्थानकावर तशी बॅग घेतलेला मुलगा विनाकारण संशयाला आणि घोळक्याला सामोरा जातो. साध्या काळ्या किंवा निळ्या रंगाची, वाद्याच्या पेटीसारखी दिसणारी केस घ्यावी. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही; .२२ ला लागतो. पण रस्त्यावरच्या हवालदाराला हा फरक पिशवी पाहून कळणे शक्य नाही. खरेदीची पावती, संघटनेचे ओळखपत्र, स्पर्धेचे पत्र यांच्या प्रती पेटीच्या बाहेरच्या खिशात हव्यात, म्हणजे कागद दाखवण्यासाठी भर रस्त्यात पेटी उघडावी लागत नाही. नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग घालून ठेवला, तर उघडल्यावर पहिल्या नजरेत रायफल रिकामी दिसते.

हे सगळे करायला पैसे लागतात, आणि तिथेच जिल्हा संघटना व क्लब यांनी पुढे यायला हवे. बहुतेक मुलांना हार्ड केस वर्षातून दोन-तीनदाच लागते, राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेपुरती. त्यासाठी प्रत्येक घराने स्वतंत्र पेटी घ्यावी, ही अपेक्षा चुकीची आहे. क्लबने चार-पाच चांगल्या केस घेऊन ठेवाव्यात, वाचनालयातल्या पुस्तकांसारख्या नोंदवहीत सही घेऊन द्याव्यात आणि स्पर्धा संपल्यावर परत घ्याव्यात. मुलांच्या रायफली वेगवेगळ्या असतात, म्हणून आतला फोम पेटीला चिकटवू नये. प्रत्येक मुलाने स्वतःच्या रायफलच्या आकाराचा थर कापून घरी ठेवावा आणि जाताना पेटीत बसवावा. फोमचा एक थर जॅकेटच्या तुलनेत अगदी स्वस्त पडतो. शासन क्रीडा साहित्यासाठी अनुदान देते तेव्हा मागणीच्या यादीत रायफल आणि लक्ष्ययंत्रांबरोबर वाहतुकीच्या पेट्याही लिहाव्यात. त्या मागितल्याच नाहीत तर मिळणारही नाहीत. येत्या हंगामातल्या राज्य स्पर्धेआधी प्रत्येक जिल्हा संघटनेने निदान दोन पेट्यांनी ही सुरुवात करावी, अशी आमची मागणी आहे.