निघालेल्या माणसाला जाऊ द्या

मा. अश्विनी वैष्णव,
केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्री



मी नाशिकला गंगापूर रोडवर राहते. एका समाजमाध्यमावरचं खातं पाच वर्षं वापरून २०२३ च्या दिवाळीनंतर मी सोडलं. मोबाइलमधून अ‍ॅप काढलं, मैत्रिणींना फोन नंबर दिला आणि विषय संपवला. आपल्याकडे निघताना माणूस ‘येतो’ म्हणतो. मी मात्र विचार करून ‘जाते’ म्हटलं होतं.

तेव्हापासून त्या कंपनीचे मेल येताहेत, आठवड्याला चार-पाच. गेल्या महिन्यात एका मेलमध्ये माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा फोटो होता. खाली लिहिलेलं, ती तुमची वाट पाहते आहे. ती राहते आनंदवल्लीला. संध्याकाळी सोमेश्वरला जाता जाता तिच्याकडे डोकावले. तिने ते खातं माझ्याही आधी बंद केलेलं! तिने आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. तिला माझ्या फोटोसकट तसाच मेल आला होता. आम्ही दोघी तिच्या गॅलरीत चहा पीत बसलो होतो, आणि जिथे आम्ही दोघीही नाही तिथून दोघींना एकमेकींच्या नावाने बोलावणं चालू होतं. माझ्या नावाने माझ्या मैत्रिणीला खोटं सांगायची परवानगी मी कुणालाही दिलेली नाही.

मेल बंद करायलाही गेले. अगदी तळाशी फिकट राखाडी, बारीक अक्षरांत ‘अनसबस्क्राइब’ असतं. ते दाबलं की लॉगिन करा म्हणतात. पासवर्ड विसरला म्हणावं, तर ओटीपी जातो जुन्या नंबरवर, आणि तो नंबर मी केव्हाच सोडला.

साहेब, कायदा तुमच्याच मंत्रालयाचा आहे. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे, असं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही आले, पण या तरतुदींना १८ महिन्यांची मुदत मिळाली. म्हणजे मे २०२७, आमच्याकडे सिंहस्थाची धामधूम असेल तेव्हा. त्याच नियमांत आहे की दोन कोटी किंवा त्याहून जास्त वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमाकडे कुणी तीन वर्षं फिरकलं नाही, तर खातं उघडण्यापुरती सोडून त्याची बाकी माहिती पुसायची. नियम चांगला आहे. माझी भीती एवढीच, की मेल थांबवण्यासाठी नाइलाजाने केलेलं लॉगिनही ‘फिरकणं’ धरलं, तर ती तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतील.

नको असलेले फोन आणि एसएमएस थांबवायला १९०९ हा क्रमांक आहे. ईमेलसाठी तसं काही नाही. अमेरिकेत २००३ मध्ये यासाठी कायदा झाला. जाहिरातीचा मेल थांबवण्यासाठी तिथे लॉगिन मागता येत नाही, आणि विनंती केल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत तो थांबवावाच लागतो.

माझी विनंती मोठी नाही. मेल एका दाबात, लॉगिनशिवाय थांबला पाहिजे; आणि त्या दाबाला ‘ही परत आली’ असं कुणी मोजता कामा नये. हे कंपन्यांना लेखी कळवा, आणि मे २०२७ ची वाट न पाहता कळवा.

आपली,
गंगापूर रोडवरची एक रहिवासी