स्वरांची साठेबाजी

१९७२ च्या दुष्काळाच्या काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या स्त्रिया महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा ‘साठेबाज’ या शब्दाला मराठीत एक निश्चित चेहरा मिळाला. लोकांच्या गरजेची वस्तू कोठारात कोंडून ठेवणारा आणि तिच्या टंचाईवर स्वतःचे मोल वाढवणारा तो साठेबाज. या व्याख्येत धान्याच्या जागी गाणे घालून पाहावे. ज्यांना आपण आदराने ‘दर्दी संग्राहक’ म्हणतो, अशा बऱ्याच सद्गृहस्थांची त्यामुळे पंचाईत होईल. ती व्हावी, अशीच प्रस्तुत लेखकाची इच्छा आहे.

वस्तुस्थिती साधी आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. तासभर चालणाऱ्या ख्यालाला, रात्रभर रंगणाऱ्या जलशाला तीत जागाच नव्हती. पुढे लांब पल्ल्याच्या तबकड्या आल्या, पण त्याही कंपनीला जे खपेल असे वाटले त्याच्याच. आकाशवाणीने पुष्कळ गाणे मुद्रित केले, आणि टेप पुन्हा वापरण्यासाठी पुष्कळ पुसूनही टाकले. १९५३ पासून पुण्यात भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवापासून ते गावोगावच्या मंडळांच्या बैठकींपर्यंत भर मैफलीतले जे गाणे आज ऐकायला मिळते, त्यातले कितीतरी अशा एखाद्या श्रोत्यामुळे मिळते की ज्याने आधी स्पूलचे जड यंत्र आणि नंतर कॅसेटचे यंत्र मांडीवर घेऊन रात्र काढली. या माणसांचे ऋण नाकारण्याचा कृतघ्नपणा कोणी करू नये. परंतु वाचवणे ही एक गोष्ट आणि वाचवलेल्यावर मालकी सांगणे ही दुसरी.

कारण त्या फिती पुढे गेल्या कुठे? पुण्या-मुंबई-नागपूरच्या कपाटांत. तिथे त्यांचा एक बाजार उभा राहिला. त्या बाजारात पैसा चालत नाही, हे त्याचे सोवळे. चालते ती दुर्मिळता. गेल्या वर्षी अशाच एका संग्राहकाकडे मी एका दिवंगत गायकाच्या विदर्भातील मैफलीची प्रत मागितली. ‘बदल्यात तुमच्याकडे काय आहे?’ एवढेच उत्तर आले. ज्याच्यापाशी आधीच भांडवल आहे, त्यालाच ते वाढवण्याची संधी द्यावी, हा न्याय आपल्या परिचयाचा आहे. तो रागदारीच्या क्षेत्रातही चालतो, इतकेच. गंमत अशी की, धान्य वाटले तर साठेबाजाचे कोठार निदान रिकामे तरी होते. ध्वनिमुद्रणाची प्रत काढल्याने मूळ फितीतला एक स्वरही कमी होत नाही. म्हणजे धान्याच्या व्यापाऱ्याला जी सबब आहे, तीही या रसिकाला नाही.

हा पुण्या-मुंबईच्या रसिकांचा घरगुती मामला आहे, वर्ध्याच्या कार्यकर्त्याला त्याचे काय, असे कोणी विचारील. वर्धा जिल्ह्यात सवाई गंधर्व भरत नाही, हे खरे आहे. पण उत्सव म्हणजे केवळ भारतीय बैठकीतला ख्याल, हे समीकरण आपण का मानावे? गिरडला शेख फरीदबाबांच्या टेकडीवर हिंदू आणि मुसलमान दोघेही जातात, आणि दर्ग्याच्या उत्सवाला कव्वालीवाचून शोभा नाही. घोराडला केजाजी महाराजांच्या नावाने दिंड्या जमतात. हिंगणघाट आणि पुलगाव या जुन्या गिरणीगावांत भीमजयंतीच्या रात्री कव्वालीचा सामना ऐकायला माणसे पहाटेपर्यंत बसत आली. गुरुदेव सेवा मंडळांच्या खंजिरी भजनाच्या स्पर्धा तर साऱ्या विदर्भात होतात. आमचे संगीत महोत्सव हे आहेत. तिकिटावर नसतात म्हणून ते कमी दर्जाचे ठरत नाहीत.

तुकडोजी महाराजांचेच उदाहरण घ्यावे. १९३६ साली गांधीजींच्या निमंत्रणावरून ते तेव्हाच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, सुमारे महिनाभर राहिले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये वर्धा जिल्ह्यातले आष्टी आणि शेजारच्या चांदा जिल्ह्यातले चिमूर पेटले, तेव्हा लोकांना उठवण्यात त्यांच्या भजनांचा वाटा किती मोठा होता हे इंग्रज सरकारने नेमके ओळखले आणि त्यांना नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. राज्यकर्त्यांना ज्या गाण्याची भीती वाटली, ते गाणे आष्टीच्या माणसांनी त्या दिवसांत कसे म्हटले, कुठल्या लयीत, कुठल्या शब्दावर थांबून, हे सांगणारी एकही ध्वनिफीत नाही. असणार तरी कशी? तेव्हा खेड्यात यंत्रच नव्हते. त्या हानीचा दोष कोणाच्या माथी मारता येणार नाही. पण १९८० नंतर कॅसेटचे यंत्र गावागावांत, पानठेल्यावर आणि ट्रॅक्टरवरसुद्धा पोचले. त्यानंतर जे नाहीसे झाले आणि होत आहे, त्याला यंत्राच्या अभावाची सबब लागू पडत नाही.

आणि या फितींवर असते तरी काय? छापील पुस्तकात आणि स्टुडिओतल्या मुद्रणात जे नसते, नेमके तेच. सामन्यात समोरच्या पक्षाच्या सवालाला कव्वालाने तिथल्या तिथे रचलेला जबाब, गिरणीच्या टाळेबंदीवर किंवा कापसाच्या भावावर त्या एका रात्रीपुरते जोडलेले कडवे, मध्येच गाणे थांबवून पुकारलेली बक्षिसे, कोणी किती रुपये दिले त्यांची नावे आणि गावे, रडणारे मूल, शेवटच्या ओळीवर उठलेला समुदायाचा कल्लोळ. कंपनीचा ध्वनिमुद्रक याला ‘गोंगाट’ म्हणतो आणि कापून टाकतो. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यातच एका गावाची मोजदाद सापडते. गाणे कोणासाठी होते, कोणाच्या पैशावर उभे राहिले आणि कुठल्या ओळीवर लोक पेटले, याचे दुसरे साधन आपल्यापाशी नाही. विलास घोगरे यांच्यासारख्या शाहिराचा आवाज आज ऐकू येतो तो कोणा ग्रामोफोन कंपनीच्या कृपेने नव्हे, तर ‘हमारा शहर’ (१९८५) या चित्रपटासाठी आनंद पटवर्धन झोपडपट्टीत कॅमेरा घेऊन गेले म्हणून. १९९७ च्या जुलैमध्ये रमाबाई नगरातील गोळीबारानंतर घोगरे यांनी आपले जीवन संपवले. पटवर्धन गेले नसते, तर नंतर हाती केवळ आठवणी उरल्या असत्या.

आता चोरीच्या आरोपाकडे वळू. मोठ्या महोत्सवांच्या प्रवेशद्वारावर ध्वनिमुद्रणास मनाई असल्याचे फलक असतात, आणि खिशात यंत्र सापडलेल्या श्रोत्याकडे खिसेकापूकडे पाहावे तसे पाहिले जाते. कायदा मात्र फलकापेक्षा अधिक समंजस आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क प्रथमच मिळाला. आज तो ५० वर्षे टिकतो. त्याच कायद्याचे ३९ वे कलम असे सांगते की, स्वतःच्या खासगी उपयोगासाठी किंवा केवळ अध्यापन-संशोधनाच्या प्रामाणिक हेतूने केलेले मुद्रण हा त्या हक्काचा भंग नव्हे. अर्थात अशी प्रत चौकात विकायला या कलमाने परवानगी मिळत नाही, आणि मिळूही नये. काही गोष्टींत तर मुदतीचाच हिशेब जवळ येत आहे. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी रचना सर्वांची होते. १९६८ साली निवर्तलेल्या तुकडोजी महाराजांच्या रचना या सर्वसाधारण नियमाने २०२८ च्या अखेरीस मुक्त होतील. १९६९ साली गेलेल्या अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या त्यानंतर एका वर्षाने.

खरी चोरी व्हायची ती उलट्या दिशेने होते. शाहिराला, कव्वालाला एकरकमी बिदागी देऊन कंपनीने गाणे घेतले की पुढे ते किती खपले याच्याशी गाणाऱ्याचा संबंध उरला नाही, हा कॅसेटच्या जमान्यातला सर्रास अनुभव. तेच गाणे आज एखाद्या गावच्या जयंतीत कोणी म्हटले आणि दुसऱ्या कोणी त्याचे मुद्रण यूट्यूबवर ठेवले, तर तिथले यंत्र आपोआप जुळवणी करते आणि कंपनीच्या नावाने दावा लावते. मग जाहिरातीचे उत्पन्न कंपनीकडे वळते, किंवा मुद्रणच अदृश्य होते. गाणारा गावचा, ऐकणारे गावचे, मुद्रण करणारा गावचा, आणि मालक मात्र ज्याने हे गाव नकाशावरही पाहिले नाही तो! ज्यांना या माध्यमाचा फार भरवसा वाटतो त्यांनी लक्षात ठेवावे की, तेही एक परक्याचे गोदामच आहे. खाते बंद झाले की त्यातली दहा वर्षांची भजने एका दिवसात जातात, आणि दाद मागायला तिथे माणूस भेटेलच असे नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो कंपन्यांचा नाही, कलावंतांचा आहे. गाणे हे श्रम आहेत, आमच्या श्रमाची प्रत आम्हांला न विचारता का काढता, असे गायक विचारतो. श्रमाच्या मोबदल्याची भाषा बोलणाऱ्या चळवळीला हा प्रश्न टाळता येणार नाही. शिवाय आवाज बसलेल्या एखाद्या रात्रीचे गाणे कायमचे शिल्लक राहावे, असे कोणाला वाटेल? म्हणून काही बंधने आपण होऊन पाळली पाहिजेत. कलावंताने किंवा त्याच्या वारसाने नको म्हटले, तर ती फीत जाहीरपणे वाजवू नये. विक्री कदापि करू नये. त्यातून पैसा आलाच, तर तो गाणाऱ्याचा. पण ‘विचारल्यावाचून नको’ या तत्त्वाचा आधार घेऊन ‘कधीच नको’ म्हणणारे आयोजक कलावंताच्या श्रमाची काळजी करत नसतात. ते आपल्या प्रायोजकाची काळजी करत असतात.

हे स्वप्नरंजन नव्हे. अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाने १९८४ साली आपल्या मैफलींत ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी वेगळी जागाच राखून ठेवली. मुद्रण करा, एकमेकांना द्या, विकू नका, एवढीच अट. भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यात हे घडले, आणि त्यामुळे त्यांच्या मैफलीची तिकिटे खपायची थांबली नाहीत. आमच्याकडे नागपूरचे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ पासून जनतेच्या पैशावर चालते. साहित्य संमेलनांना सरकारी अनुदान मिळते. जनतेच्या पैशावर उभ्या राहिलेल्या मंचावरचे गाणे कलावंताच्या संमतीने आणि त्याला योग्य मोबदला देऊन मुद्रित व्हावे, आणि त्याची प्रत जिल्ह्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात कोणालाही विनामूल्य ऐकता यावी, ही मागणी करण्यात संकोच कसला?

सरकार ऐकेपर्यंत मात्र हात जोडून बसण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्यात एकाच आठवड्यात ९६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आणि १७ वे विद्रोही साहित्य संमेलन भरले. आज कुठल्याही मंडपात प्रत्येक हातात फोन असतो, आणि दोन वर्षांनी फोन बदलला की त्यातले सर्व काही पुसले जाते. कॅसेटची गोष्ट आणखी निकडीची आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने चुंबकीय फिती वाचवण्यासाठी २०२५ ही मुदत सांगितली होती, कारण फितीपेक्षाही ती वाजवणारे यंत्र आणि ते दुरुस्त करणारा कारागीर आधी संपत जातो. ती मुदत उलटून गेली आहे. वर्ध्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतली कॅसेट काय सोसत असेल, ते वेगळे सांगायला नको.

शोधायचे कुठे? प्रतिष्ठितांच्या घरी नंतर जावे. आधी गावच्या लाऊडस्पीकरवाल्याकडे जावे. अॅम्प्लिफायरला तार जोडून रात्रभराचा कार्यक्रम मुद्रित करून ठेवण्याची सोय त्याच्याचपाशी होती. मग रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या जुन्या दुकानात, भजनी मंडळाच्या पेटीत, जयंती समितीच्या जुन्या अध्यक्षाच्या माळ्यावर, आणि शेवटी आपल्याच तालुका कार्यालयांतल्या कपाटांत, जिथे सभांच्या कॅसेटवर पुढच्या सभा मुद्रित करण्याचा पराक्रम कित्येकांनी केलेला आहे. सापडलेली कॅसेट लगेच यंत्रात घालू नये. आतली फेल्टची लहान गादी बहुधा निघून पडलेली असते. मग आवाज मंद येतो आणि लोक ‘फीत खराब झाली’ म्हणून फेकून देतात. स्क्रू असलेल्या दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात तीच फीत काळजीपूर्वक बसवली की ती बहुधा वाजते. पांढरी बुरशी दिसली तर जाणत्या माणसाकडून साफ करून घेतल्यावाचून वाजवू नये, नाहीतर ती यंत्रातून पुढच्या फितीला लागते. काही फितींत गायकाचा स्वर हळूहळू चढत जातो. तो गायकाचा दोष नसतो. मुद्रण करणाऱ्याच्या यंत्राची बॅटरी उतरत गेली आणि फीत सावकाश फिरली, हे त्याचे कारण. वेग दुरुस्त केलेली प्रत वेगळी ठेवावी, मूळ मुद्रणाला हात लावू नये. प्रत्येक प्रतीवर गाव, तारीख, प्रसंग, गाणाऱ्याचे, साथीदारांचे आणि मुद्रण करणाऱ्याचे नाव लिहावे. ढोलकीवाल्याचे नाव विचारल्यावाचून कळत नाही, म्हणून ते आधी विचारावे. आणि पहिली प्रत गाणाऱ्याच्या घरी पोचती करावी. ते घर बहुधा त्याच तालुक्यात असते.