मागच्या चाकांना डिस्क बसवण्याआधी



दारात जुनी फियाट, ॲम्बॅसिडर, मारुती नाहीतर जीप असलेल्या घरांत एक विषय हमखास निघतो. "नव्या गाड्यांना डिस्क ब्रेक असतात. आपल्या गाडीच्या मागच्या चाकांचे ड्रम काढून डिस्क बसवून घेतली तर? गाडी जागच्या जागी थांबेल."

डहाणू-तलासरीकडे हा विचार मनात येणे साहजिक आहे. वाडीतून निघाले की मातीचा रस्ता, मग खड्ड्यांचा डांबरी रस्ता, आणि चारोटीला किंवा तलासरीला पोचलो की एकदम मुंबई-अहमदाबाद महामार्ग. तिथे पुढे कंटेनर, मागे ट्रक. गाडीत चिकूचे क्रेट, मागच्या सीटवर लेकरे आणि म्हातारी आई. अशा वेळी ब्रेकचा भरवसा हवाच.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. मागच्या चाकांचे ड्रम चांगले असतील तर त्यांना हात लावू नका. बिघडले असतील तर दुरुस्त करा. त्यांच्या जागी डिस्क बसवण्याचा खर्च घरच्या गाडीला बहुधा फुकट जातो, आणि काम अर्धवट झाले तर जिवावर बेततो. असे का, ते आता पाहू.

ड्रम काय, डिस्क काय

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे ओतीव लोखंडाचे भांडे. त्याच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू असतात, त्यांवर लायनर चिकटवलेले किंवा रिबिटांनी ठोकलेले असते. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले ऑईल पाईपातून पुढे रेटले जाते, व्हील सिलिंडरचे पिस्टन शू बाहेर ढकलतात आणि लायनर ड्रमच्या आतल्या बाजूला घासते. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी. कॅलिपर नावाचा चिमटा तिला दोन्ही बाजूंनी पॅडने आवळतो.

दोन्ही कल्पना शंभर वर्षांहून जुन्या आहेत. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले ते १९०२ साली, आणि त्याच सुमारास फ्रान्सच्या लुई रेनॉने ड्रम ब्रेक पुढे आणला. डिस्कचे नाव झाले १९५३ मध्ये, जग्वार गाडीने डिस्क ब्रेकच्या जोरावर ल मान्सची शर्यत जिंकली तेव्हा. आपल्याकडच्या जुन्या पद्मिनी आणि ॲम्बॅसिडर मात्र चारही चाकांना ड्रम घेऊनच वर्षानुवर्षे धावल्या.

डिस्कचे गुण खरे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. ती उघडी असल्याने लवकर थंड होते. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबला की ड्रम तापून फुगतो, लायनरपासून दूर सरकतो आणि पेडल खाली जाऊ लागते. डिस्कला हा त्रास कमी. पाण्यातून गाडी गेली तर डिस्क लवकर कोरडी होते, ड्रममध्ये शिरलेले पाणी काही वेळ राहते.

मग हे गुण मागच्या चाकांना का नकोत?

उतारावरची बैलगाडी आठवा

भरलेली बैलगाडी उताराला लागली की सगळा भार जुवावर, बैलांच्या मानेवर येतो. गाडीवान मागे सरकून बसतो तो त्यासाठीच. मोटारीचेही तसेच आहे. ब्रेक दाबला की गाडी नाकावर झुकते, वजन पुढच्या चाकांवर जाते आणि मागची चाके हलकी होतात. म्हणून थांबवण्याचे निम्म्याहून बरेच जास्त काम पुढचे ब्रेक करतात. मागच्यांच्या वाट्याला थोडेच येते, आणि तेवढ्याला ड्रम पुरतो.

आजची बोलेरो बघा, वॅगन-आर बघा, स्विफ्ट बघा. पुढे डिस्क आणि मागे ड्रम. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीने २०२० मध्ये आयडी.३ ही विजेवरची नवी मोटार बाजारात आणली, तिलाही मागे ड्रमच ठेवले. नव्या गाडीला जे चालते ते जुन्या गाडीला कमी पडते, असे म्हणायला आधार नाही.

उलट मागचे ब्रेक प्रमाणाबाहेर जोरदार झाले तर संकट ओढवते. हलकी झालेली मागची चाके आधी जाम होतात. फिरते चाक आपली वाट धरून चालते, जाम झालेले चाक मात्र कुठेही घसरते. पहिल्या पावसात ओल्या झालेल्या डांबरावर असे झाले की गाडी शेपूट फिरवते आणि आडवी होते. समोरून ट्रक येत असेल तर पुढचे सांगायला नको.

नुसती तबकडी बसवून भागत नाही

भंगार बाजारातून दुसऱ्या गाडीची डिस्क आणि कॅलिपर आणायचे, पट्टी वेल्डिंग करून बसवायचे, असा सल्ला देणारे भेटतात. त्यांना पुढील गोष्टी विचारा.

एक, हँडब्रेकचे काय? ड्रममध्ये हँडब्रेकची केबल शूला जोडलेली असते. कॅलिपरला तशी सोय असतेच असे नाही. नसेल तर बांधावर, चढावर उभी केलेली भरली गाडी नुसत्या गियरच्या आणि चाकाखाली लावलेल्या दगडाच्या भरवशावर राहील. तिच्या आसपास पोरे खेळत असतात, हे ध्यानात ठेवा.

दोन, मास्टर सिलिंडर जुळतो का? कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनला ऑईल जास्त लागते. लहान सिलिंडर ते पुरवू शकत नाही आणि पेडल तळाला जाते. शिवाय ड्रमच्या जुन्या गाड्यांत पाईपात थोडा दाब राखणारी छोटी झडप बहुधा असते. ती तशीच राहिली तर डिस्कचे पॅड कायम घासतात, चाक तापते आणि डिझेल-पेट्रोल जास्त जाते.

तीन, पायाला जोर किती लागेल? ड्रममध्ये फिरणारे भांडे एका शूला पाचरीसारखे स्वतःच आवळून घेते, त्यामुळे थोड्या दाबाने काम होते. डिस्कमध्ये ही आयती मदत नाही. बूस्टर नसलेल्या गाडीत पेडल दगडासारखे कडक लागते.

चार, पुढच्या-मागच्या दाबाचे प्रमाण कोण बसवणार? त्यासाठी वेगळी झडप लागते आणि रिकाम्या व भरल्या गाडीची चाचणी घ्यावी लागते.

पाच, कॅलिपर रिमला लागेल का? मारुती ८०० सारख्या लहान चाकांत जागा फारच थोडी असते.

या पाचही प्रश्नांना नीट उत्तर मिळत नसेल तर गाडी तिथे सोडू नका.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवायची तर तपासणी होते. अपघात झाला तर विमा कंपनीही असा बदल दाखवून भरपाई अडवू शकते. म्हणून काहीही बदलण्याआधी आरटीओ कचेरीत आणि विमा कंपनीत लेखी विचारून घ्या.

मग पैसे कुठे घालावेत

ब्रेक लागत नाही म्हणून डिस्कचा विचार करणाऱ्या गाडीत खरे दुखणे बहुतेक वेळा निराळेच असते. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली गत. आधी आजार ओळखा.

पेडल स्पंजासारखे दबते? पाईपात हवा आहे, एअर काढून घ्या. पेडल दाबून धरले तर हळूहळू खाली जाते? मास्टर सिलिंडरचे रबर गेले किंवा कुठेतरी गळती आहे. मागच्या टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसते? व्हील सिलिंडर गळतो आहे किंवा ॲक्सलचे सील गेले आहे. तेल पिलेले लायनर पुसून चालत नाही, बदलावेच लागते. ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते? दोन बाजूंचे ब्रेक सारखे नाहीत. पाय थरथरतो? ड्रम अंडाकृती झाला असेल. लेथवर टर्निंग होते, पण ड्रमवर कोरलेल्या मापाच्या पलीकडे तो कापू देऊ नका. लायनर नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदला.

ब्रेक ऑईलकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. हे ऑईल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि डहाणूची हवा तर समुद्राकाठची. डॉट-३ जातीचे नवे ऑईल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर तेच १४० अंशांच्या आसपास उकळू शकते. डॉट-४ चे हेच आकडे २३० आणि १५५. कासा ओलांडून जव्हारचा घाट उतरताना ब्रेक तापले आणि ऑईल उकळले तर पाईपात वाफ होते आणि पेडल एकदम मोकळे जाते. म्हणून दर दोन वर्षांनी ऑईल बदला. गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचेच, सीलबंद डब्यातले घ्या. इंजिन ऑईल चुकूनही ओतू नका, सगळी रबरे फुगून निकामी होतील. हे ऑईल विषारी आहे. उरलेला डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

आणखी एक जपा. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतो, तो छातीत गेला तर फुप्फुसाला घातक. ड्रम उघडल्यावर फुंकर मारू नका, हवेच्या पाईपने उडवू नका. ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि ते फडके टाकून द्या.

एवढे करून पैसे उरलेच तर ते चांगल्या टायरना घाला. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर. गुळगुळीत टायरला कोणतीही डिस्क वाचवू शकत नाही.

चालवणाऱ्याने काय पाळावे

वेग दुप्पट झाला की थांबवायचा जोर चौपट होतो. ताशी ४० ऐवजी ८० ने गेलात तर ब्रेकला चारपट काम पडते, हे महामार्गावर विसरू नका. घाट ज्या गियरमध्ये चढाल त्याच गियरमध्ये उतरा, म्हणजे इंजिन गाडी धरते आणि ड्रम तापत नाही. पाणी साचलेल्या रस्त्यातून बाहेर आलात की गाडी हळू चालवत ब्रेक चार-पाच वेळा हलका दाबा, ड्रम कोरडा होईल.

चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते, रस्त्यावर गर्दी असते, घरची मंडळी गाडीत दाटीने बसतात. त्यानंतर पावसाळा दूर नसतो. तेव्हा यात्रेच्या आधीच एक दिवस काढा. मिस्त्रीला चारही चाके उघडायला सांगा, स्वतः जवळ उभे राहून बघा आणि काम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर, आधी रिकाम्या आणि मग भरल्या गाडीने, ब्रेक लावून खात्री करून घ्या. हँडब्रेक चढावर ओढून पाहा. गाडी तसूभरही सरकली तर केबल आवळून घेतल्याशिवाय गॅरेज सोडू नका.