तळपायाची आग

‘तळपायाची आग मस्तकात जाणे’ हा वाक्प्रचार मी शाळेत तीसेक वर्षे मुलांना वाक्यात उपयोग करायला घातला. तो अंगी कसा लागू पडतो, हे मात्र कॅन्सरच्या गोळ्यांनी शिकवले.

मोठ्या आतड्याचे ऑपरेशन झाले आणि मागोमाग कॅपेसिटाबीन नावाच्या गोळ्या आल्या. चौदा दिवस गोळ्या, सात दिवस सुट्टी, असे फेरे. सलाईन नाही, नागपूरला मुक्काम नाही. मूलसारख्या गावातल्या बाईला आणखी काय हवे? दुसऱ्या फेऱ्यात तळवे लाल झाले. मग मुंग्या, मग आग. तिसऱ्यात टाचेचे कातडे सुटू लागले, आणि न्हाणीघर ते देवघर ही बारा पावले मला बारा कोस झाली.

डॉक्टर मंडळी याला ‘हॅण्ड-फूट सिंड्रोम’ म्हणतात. गोळीचे शरीरात फ्लुरोयुरॅसिल हे औषध बनते. भराभर वाढणाऱ्या पेशी मारणे हे त्याचे काम, आणि त्यात हातापायांचे कातडेही सापडते. जिथे दाब आणि घर्षण जास्त, तिथे अधिक. तेव्हा हे पित्त नव्हे, अंगातली उष्णता नव्हे, आणि कुणाचे पाप तर नव्हेच.

हे सांगण्याला कारण आहे. आमच्याकडे तळव्यांची आग म्हटली की काशाची वाटी निघते. तुपाचे बोट लावून वाटीने तळवे घासायचे. वाटी काळी पडली की उष्णता उतरली! एरवी मोठे सुखाचे काम. पण या आगीत घासणे म्हणजेच वैर. ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई वाटी घेऊन पायाशी बसल्या, तेव्हा त्यांना ‘नको’ म्हणायला मला आजाराचे नाव सांगण्यापेक्षा जास्त धीर लागला. शेवटी वाटी फडताळात गेली आणि तूप वरणभातावर आले. नरकचतुर्दशीचे उटणे आणि कढत पाणी यांचीही तीच गत. अभ्यंगस्नान खुशाल करा, पाय तेवढे त्यातून वगळा.

मग करायचे काय? गार (बर्फाचे नव्हे) पाण्यात दहापंधरा मिनिटे पाय, मऊ पंच्याने टिपणे, आणि ओल असतानाच युरियाचे मलम नाहीतर साधे व्हॅसलीन. रात्री वरून सुती मोजे. सुटलेले कातडे ओढायचे नाही, फोड फोडायचा नाही, कुरुपाची पट्टी लावायची नाही. ब जीवनसत्त्वाची सहावी जात यावर गुणकारी म्हणून पुष्कळ वर्षे दिली जाई. नीट चाचण्या झाल्या तेव्हा तिचा उपयोग दिसला नाही.

चपलेचे मात्र मी आमच्याच जिल्ह्यातून शिकले. वरोऱ्याचे आनंदवन कुणाला ठाऊक नाही? कुष्ठरोग्याच्या पायाला बधिरतेमुळे जखम कळत नाही. आमच्या पायाला नको तितके कळते. दुखणी उलटी, पण पायाची निगा जवळजवळ एकच. पाय भिजवणे, तेल-मलम, रोज आरसा धरून तळवा पाहणे, आणि मऊ स्पंजासारख्या रबराची, पुढे न टोचणारी चप्पल. ‘एम.सी.आर.’ म्हणून ती ओळखली जाते. कुष्ठसेवेत हयात घालवलेल्या एका म्हाताऱ्या कंपाउंडरांनी मला ती मिळवून दिली. ‘बाई, लाजू नका, ही चप्पल रोग बघत नाही, पाय बघते,’ ते म्हणाले.

दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये एक सुरेख प्रयोग झाला, तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. या गोळ्या घेणाऱ्या २६४ रुग्णांपैकी अर्ध्यांना डायक्लोफेनॅकचे जेल, तेच आपले कंबरदुखीचे, दिवसातून दोनदा हातांना लावायला दिले. उरलेल्यांना नुसतेच जेल. जाच होण्याइतका त्रास नुसत्या जेलवाल्यांत १५ टक्क्यांना झाला, औषधवाल्यांत ३.८ टक्क्यांना. पण हा त्रास होण्याआधीचा बंदोबस्त आहे. फाटलेल्या कातड्यावर चोळू नका, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नकोच.

दवाखान्याच्या बाकावर धानोऱ्याकडची एक बाई भेटली. ऐन रोवणीचे दिवस. तिच्या दोन्ही टाचांना फोड, तरी तिने ते पदराआड झाकावे तसे लुगड्याच्या काठाखाली झाकलेले. ‘डॉक्टरले सांगतलं तं गोया बंद करन, मंग मी मरन,’ ती म्हणाली. मी तिचा हात धरून आत नेले. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या त्या बऱ्या होईपर्यंत, आणि पुढचा फेरा कमी मात्रेत लिहून दिला. माझेही तसेच केले होते. थांबणे, मात्रा उतरवणे, हा उपचाराचाच भाग आहे. चालणे अशक्य करणारी वेदना किंवा फोड दिसले, की पुढची गोळी घेण्याआधी फोन करायचा, फेरा संपेपर्यंत वाट पाहायची नाही. बिचारी तीन आठवडे चिखलाच्या बांधीत उभी होती.

एक गंमतही सांगते. बोटांचे ठसे पुसट झाल्याने रेशनच्या यंत्राने मला ओळखायचे नाकारले; डोळ्याच्या बुबुळावर धान्य मिळाले. सिंगापूरच्या एका गृहस्थाला तर याच गोळ्यांपायी २००८ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या विमानतळावर चार तास अडवून ठेवले होते. तेव्हापासून डॉक्टरांची चिठ्ठी मी पिशवीतच ठेवते.

आता मंडईचे दिवस येतील, वडशाच्या मंडळ्यांची नाटके लागतील. दरसाल आम्ही बायका शेतातून चालत जात असू. यंदा नातवाच्या गाडीवर मागे बसून जाणार आहे, आणि त्याला आधीच बजावले आहे की खुर्ची पुढची धर आणि पाय टेकायला एक पोते आण.