धूर कोणाचा, डोळे कोणाचे?

गेल्या पौषात राजधानीतील एका महाराष्ट्रीय मंडळात 'धूर' या एकाच विषयावरील जुन्या-नव्या गाण्यांची मैफल झाली. कचेरी सुटल्यावर थेट तिकडे गेलेल्या मंडळींत आम्हीही होतो. बाहेर धुक्यात धूर मिसळलेला, आत चहा गरम आणि कल्पना नवी. संध्याकाळ चांगली जाणार याविषयी शंका नव्हती. ती गेलीही चांगली. तरी परतताना मनात एक तक्रार घेऊनच आलो. ती येथे मांडल्यावाचून राहवत नाही.

गाणी कोणती झाली? 'हम दोनो' (१९६१) मधील साहिर लुधियानवी यांचे, जयदेव यांच्या चालीतले, रफींचे बेफिकिरीचे गाणे झाले. 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) मधील 'दम मारो दम' झाले. 'ओंकारा' (२००६) मधील गुलजारांच्या बिडीच्या गाण्याला टाळ्या पडल्या. जेरोम कर्न आणि ऑटो हारबाख यांचे १९३३ सालचे, धूर डोळ्यांत गेल्याचे इंग्रजी गाणे एका तरुणाने म्हटले. अखेरीस मेहदी हसन यांनी घरोघर पोचवलेली मीर तकी मीर यांची गझल झाली. तिच्यात धूर उठतो तो जळत्या अंतःकरणातून. दोन तास नाना परींचा धूर निघाला. पण चुलीचा धूर काही एकदाही निघाला नाही!

आमच्या मते हा निव्वळ विसराळूपणा नव्हे. ही आपल्या अभिरुचीची खोड आहे. धूर सोडणाऱ्याचे गाणे आपण डोक्यावर घेतो. धूर गिळणारीचे गाणे आपल्याला गाणेच वाटत नाही.

गैरसमज नको. रफींच्या त्या गाण्यावर आमचाही जीव आहे. वरिष्ठांकडून तीच फाइल तिसऱ्यांदा परत आली की आम्ही तेच गुणगुणतो. पण काळजी फुंकून टाकायला फुरसत लागते, आणि ती नायकाला असते. 'दम मारो दम'चा चित्रपट नशेच्या विरोधात होता. लोकांनी उपदेश टाकला आणि झुरका तेवढा ठेवला. बिडीचे गाणे ऐकताना आम्हांला सोलापूर आठवले. तेथे हजारो बायका मांडीवर सूप घेऊन तेंदूच्या पानांत तंबाखू भरतात आणि मजुरी मोजतात ती हजार बिड्यांवर. गाण्यात बिडी पेटते. ती वळणारी बोटे त्यात कोठेच नाहीत.

हारबाखच्या गाण्यातील प्रेमभंग झालेला माणूस आपली आसवे धुरावर ढकलतो. निवेदकांनी या कल्पनेचे फार कौतुक केले. वाचकहो, आपल्याकडच्या सासुरवाशिणींना ही युक्ती कोणत्याही अमेरिकन कवीने शिकवलेली नव्हती! "का गं, डोळे का लाल?" "काही नाही, धूर गेला." आमच्या आजीने हे उत्तर इतकी वर्षे दिले, की शेवटी ते खरे झाले. उतारवयात तिच्या डोळ्यांचे पाणी खळेना, आणि ते कशाचे, हे तिलाही सांगता येईना.

कार्यक्रमानंतर आम्ही हा विषय काढला, तेव्हा एक चालक म्हणाले, "चुलीत कसले आले काव्य?" त्यांनी 'बहिणाबाईंची गाणी' उघडून पाहावी. १९५२ साली निघालेल्या या संग्रहात, अक्षर न गिरवलेल्या या खानदेशी बाईची न पेटणाऱ्या चुलीवर एक कविता आहे. ती चुलीला रागे भरते, तिची आर्जवेही करते. कष्ट आहेत, रड नाही. आणि विनोद तर असा, की आपल्या साऱ्या बेफिकीर नायकांनी तिच्यापाशी शिकवणी लावावी.

दुसरे गृहस्थ म्हणाले, "आता गॅस आला, जुने कशाला उकरता?" २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि कोट्यवधी घरांत सिलिंडर पोचला, हे खरे, आणि आनंदाचे. पण रिकामा सिलिंडर भरून आणणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्या घरी आजही लाकडेच जळतात. घरातल्या धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लक्ष माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आणि जुनेच म्हणाल, तर १९६१ सालच्या सिगारेटचे गाणे कोणत्या न्यायाने नवे?

गाणी मिळत नाहीत, ही सबबही चालणार नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या मिळवल्या. ज्या हातांनी पहाटे दळले, त्याच हातांनी मग चूल फुंकली.

म्हणून या फाइलीवर आमचा शेरा असा: पुढच्या मैफलीत पहिले गाणे चुलीचे असावे. गाणारे कोणी न मिळाल्यास सभागृहात नजर टाकावी. बदलीच्या गावी मुलाकडे येऊन राहिलेल्या आपल्या आया पहिल्या रांगेत मुकाट बसलेल्या असतात. त्यांना आजवर कोणी विचारलेच नाही. त्यांच्यापुढे एकदा तो ध्वनिक्षेपक नेऊन ठेवावा, आणि आपण थोडा वेळ गप्प बसावे.